फरकाचा तुकडा आणि सोसाम्मा टीचर

आमच्या केरळातल्या पीरुमेडच्या शाळेतल्या सोसाम्मा टीचरचा आवाज चढला की खाली चहाच्या मळ्यातल्या बायांचे हात थांबतात. नाताळच्या सुट्टीनंतर तो चढला, तो थेट कोचीपर्यंत.

झालं असं. संगणकाला कुठलं सॉफ्टवेअर कुठे मिळेल, याची एक लांबलचक यादी असते. ती ताजी नसली तर नवं काही बसवता येत नाही. डोंगरावर इंटरनेट सुतासारखं बारीक, अख्खी यादी उतरवायची तर दिवस मोडायचा. म्हणून टीचरने कोचीच्या प्रसेननशी भांडून सोय करून घेतलेली, की यादीत रोज जेवढं बदललं तेवढाच तुकडा पाठवायचा. प्रसेनन तिचाच जुना विद्यार्थी. यादीचा सर्व्हर तो सांभाळायचा.

सुट्टीला निघताना टीचरने वीज पडायच्या धाकाने सगळे प्लग उपटले. आम्ही सगळेच उपटतो. परतून बघते तर सुट्टीभर साचलेल्या तुकड्यांचा हा ढीग! यंत्र एक मागवणार, जोडणार, मग दुसरा मागवणार. आणि उद्या दहावीची संगणकाची परीक्षा. नवं सॉफ्टवेअर बसलं नाही तर पोरांनी घाट उतरून परक्या शाळेत जायचं.

तिने प्रसेननला फोन लावला.

"मी म्हटलंच होतं टीचर, अख्खी यादी घ्या."

"ती उतरेस्तोवर पोरांची लग्नं होतील!"

"मग प्लग कशाला काढले? नाताळात कुठली वीज?"

"वीज काय तुला विचारून पडते? ते सगळे तुकडे तिकडेच जोड आणि मला एकच पाठव."

"सर्व्हरला फार काम पडतं हो. ज्याची यादी जितकी जुनी, तितका त्याचा तुकडा वेगळा."

"पडू दे! तुझ्या एका यंत्राने खपायचं, की डोंगरावरच्या प्रत्येक शाळेने ताटकळायचं?"

तो हसला. टीचर भडकलीच.

"दात काढू नकोस. गणितात गटांगळ्या खात होतास, तेव्हा घरी बसवून शिकवलं. मला काम नव्हतं पडलं?"

पलीकडे कीबोर्ड खडखडला. मग हळूच, "बघतो, टीचर."

तुकडा आला, एवढासा. समोरचा चहा निवायच्या आत यादी ताजी. पोरं आपल्याच शाळेत परीक्षेला बसली.

"झालं ना, टीचर?" प्रसेननचा फोन.

"माझं झालं. आता सगळ्या शाळांना कायमचं असंच पाठव. नाहीतर मी तिकडे येईन."

संध्याकाळी आभाळ लख्ख होतं. तरीही टीचरने सगळे प्लग उपटले, जरा जोरातच.