घरी राहत नसल्याचा पुरावा

माझे भावोजी लिफ्ट बसवायचे. उंच इमारतीत लिफ्टसाठी सोडलेल्या पोकळीत वरपासून खालपर्यंत ओळंबा सोडायचा, त्या दोरीच्या अंदाजानं लोखंडी रूळ उभे करायचे आणि एखादा रूळ केसभर कलला तरी उकलून पुन्हा लावायचा, हे त्यांचं काम. माणूसही तसाच, नाकासमोर चालणारा. सांगितलं तेवढंच करणार, पण सांगितलेलं तडीला नेणार. अशा माणसाला सल्ला देताना शंभरदा विचार करावा, एवढी अक्कल यायला मला अकरा वर्षं लागली.

सल्ला देणं हाच माझा धंदा. आमचं शहर नदीच्या अलीकडे आहे आणि ती नदी म्हणजे दोन देशांची हद्द. पुलावरून रोज हजारो माणसं पलीकडे कामाला जातात, त्यांचे कराचे कागद मी भरून देते. दोन टेबलं, एक कपाट, खिडकीत एक अर्धमेलं झाड आणि माझी जीभ, एवढ्या भांडवलावर माझं ऑफिस चालतं.

भाची चार वर्षांची असताना ताई-भावोजींनी घर घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक खुर्ची जेमतेम मावेल अशी बाल्कनी. हप्ते जड जात होते. तेवढ्यात पलीकडच्या एका कंपनीनं भावोजींना कंत्राटावर काम देऊ केलं. पगार नाही, केलेल्या कामाचं बिल द्यायचं आणि आपला कर आपण भरायचा. भावोजी माझ्या ऑफिसात आले, खिशातून छोटी वही आणि पेन्सिल काढून बसले आणि म्हणाले, "मेहुणीबाई, काय काय करायचं ते सांगा. मी लिहून घेतो."

मी सांगितलं. कंत्राटी माणसावर दोन्ही सरकारं हक्क सांगतात. जिथे काम केलं ते म्हणतं, पैसे इथे कमावलेस. जिथे राहतो ते म्हणतं, कमाई कुठलीही असो, तू आमचा. अलीकडचा कर पलीकडच्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून राहणंच पलीकडे दाखवायचं. तिकडे एक खोली भाड्यानं घ्या. डॉक्टर तिकडचा, फोन तिकडचा. अलीकडे वर्षातून निम्म्यापेक्षा कमी दिवस या, आणि दिवस म्हणजे अर्धा असला तरी पूर्ण. दुपारी जेवून परत गेलात तरी तो मोजला जातो. त्यांनी शब्द न् शब्द उतरवून घेतला. 'दाखवायचं' हा शब्द तेवढा निसटला असावा, कारण ते खरोखरच तिकडे राहायला गेले.

पुलापलीकडचं त्यांचं काम घरापासून पाऊण तासावर होतं. रोज संध्याकाळी घरी येऊन चहा पिता आला असता. त्याऐवजी ते शुक्रवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. म्हणजे आठवड्याला चार दिवस. वहीत दर दिवसाची एक उभी रेघ. तंगीतला माणूस पैसे जपतो तसे ते दिवस जपायचे, आणि तरी वर्ष संपायला दोन महिने असतानाच दिवस संपायचे. मग दर रविवारी ताई आणि भाची पूल ओलांडून जायच्या आणि बसस्टँडच्या कँटीनमध्ये तिघं दुपारभर बसायचे. भाचीचा गृहपाठ तिथे व्हायचा, बूट लहान झालेत की नाही ते तिथे पाहिलं जायचं. मी एकदा सोबत गेले होते. भावोजी पोरीच्या वेण्या सोडून पुन्हा घालत होते आणि वेटर पुसायला टेबल मोकळं होण्याची वाट बघत उभा होता. मी हसून म्हटलं, काय थाट आहे तुमचा, दोन देशांत दोन घरं. भावोजीही हसले. ताई हसली नाही.

भाची नऊ वर्षांची असताना, वर्षाच्या अगदी शेवटी, तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं. भावोजींनी अडीनडीसाठी दोन दिवस हातचे राखले होते. ते धावत आले, दोन दिवस दवाखान्यातल्या स्टुलावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या दारातून त्यांचा मला फोन आला. दिवस संपले, पोरीला अजून घरी सोडलेलं नाही, थांबलो तर काय होईल, असं विचारत होते. माझे कागद भरायचे शेवटचे दिवस चालू होते, टेबलावर ढीग पडला होता. थांबलात तर सगळं वर्ष वाया जाईल, मी म्हटलं, ऑपरेशन नीट झालंय ना, मग जा. ते गेले.

घरच्यांच्या आजारपणासाठी थांबावं लागलं तर ते दिवस मोजत नाहीत, अशी सवलत नियमात होती. मी ती दोन वर्षांनी दुसऱ्याच कुणाचे कागद करताना वाचली. ते पान मी उलटलं आणि कुणाला काही बोलले नाही.

मागच्या वर्षी अलीकडच्या कर कार्यालयाचं पत्र आलं. दिवस कितीही मोजा, त्यात लिहिलं होतं, बायको इथे, मुलगी इथे, स्वतःच्या मालकीचं घर इथे, म्हणजे तुमच्या आयुष्याचं केंद्र इथेच आहे. तिकडे भरलेला कर वजा करून अकरा वर्षांचा फरक, वर व्याज, वर दंड. तेवढे पैसे घर विकूनच उभे राहिले असते. दोन देशांमधल्या करारात सुटकेची एकच वाट होती, ती म्हणजे केंद्र पलीकडे असल्याचं सिद्ध करणं. घर वाचवायचं असेल तर आपण त्या घरात राहत नाही याचा पुरावा द्यायचा.

मी पदर खोचून कामाला लागले. तिकडच्या खोलीच्या भाडेपावत्या, दातांच्या डॉक्टरची बिलं, वाचनालयाचं कार्ड, सगळं लावून ठेवलं. तरी बायकोचं निवेदन हवंच होतं. ताई घरी कपडे शिवते. मी गेले तेव्हा मशिनवर होती. सगळं ऐकून घेऊन तिनं एवढंच विचारलं, "खरं लिहू?"

"खरंच लिही. जितकं खरं तितकं बरं," मी म्हटलं.

दोन दिवसांनी तिनं दोन पानं दिली, सुबक अक्षरात, खाडाखोड नाही.

"हे घरी आले की बेल वाजवतात. किल्ली त्यांच्याजवळ आहे. स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण कुठलं ते त्यांना अजून सापडत नाही, दर वेळी आधी पंखा लागतो. कपाटातला त्यांचा खण मुलीला दिला, त्यांचे कपडे बॅगेतच असतात. नळ बिघडला तर मी शेजारच्यांना बोलावते. मुलगी दवाखान्यात होती तेव्हा तिसऱ्या दिवशी ते गेले. बाबा कुठे आहेत, असं तिनं विचारलं नाही. आम्ही त्यांच्यासाठी चांगला टॉवेल वेगळा ठेवतो. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पाहुण्याबद्दल कुणी तक्रार करत नाही."

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, वा ताई, याला तोड नाही. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. ताई सुईत दोरा ओवत होती. झालं ना तुझं काम, म्हणाली, आणि मशीन सुरू केलं.

सुनावणीच्या दिवशी भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. अधिकारी बाई सभ्य होत्या. त्यांनी निवेदन सुरुवातीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचून दाखवलं. भावोजींनी ते पहिल्यांदाच ऐकलं. आधी त्यांना वाचायला द्यावं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. हे सगळं बरोबर आहे का, बाईंनी विचारलं.

"बटणाचं बरोबर आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "सगळंच बरोबर आहे."

आम्ही जिंकलो. सदर व्यक्ती येथील रहिवासी मानता येत नाही, असा शिक्क्यानिशी निकाल आला. घर वाचलं. मी जिन्यात भावोजींचं अभिनंदन केलं. त्यांनी ताईच्या निवेदनाची एक प्रत मागितली, चार घड्या घालून वहीत ठेवली आणि बस पकडली.

या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. शिडी चढवेना, तेव्हा कंपनीनं कंत्राट संपवलं. घराचे हप्ते फिटलेत, आता तिकडे राहायला काही कारण उरलं नाही. त्यांनी ताईला फोन करून सांगितलं, कायमचा येतो. ती म्हणाली, "या ना. कोणत्या तारखेला येताय ते आधी कळवा, म्हणजे खोली आवरून ठेवते." हे त्यांनी मला स्वतःच सांगितलं. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. काल दुपारी माझ्या ऑफिसात, त्याच खुर्चीत बसून सांगितलं. मग वही उघडली, पेन्सिल काढली.

"मेहुणीबाई, आता घरी राहायचं म्हणतो. काय काय करायचं ते सांगा. मी लिहून घेतो."

मी सांगितलं. तिकडची खोली सोडा, तिकडच्या कार्यालयाला कळवा, इकडे पत्त्याची नोंद करा. त्यांनी तीन ओळी लिहिल्या आणि पेन्सिल तशीच धरून पुढच्या ओळीची वाट बघत राहिले. पुढची ओळ मला येत नव्हती. इतकी वर्षं दाबून ठेवलेली ती सवलतीची गोष्ट माझ्या तोंडून निघून गेली.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. वहीची पानं मागे चाळली, जणू तो दिवस त्यातच कुठेतरी असेल.

"म्हणजे मी थांबलो असतो तरी चाललं असतं."

"हो," मी म्हटलं.

मी शिव्या खायच्या तयारीत होते, खरं तर मला त्या हव्याच होत्या. त्यांनी वही मिटली.

"हे तुमच्या ताईला सांगू नका," ते म्हणाले. "तिला आता तुम्ही एकट्याच आहात."

माझ्या ऑफिसापासून त्यांचं घर पायी दहा मिनिटांवर आहे. ते चारच्या बसनं पुलाकडे गेले.