दाजींची कानस

आमच्या दाजींसमोर कुणी "मॅगझिनमुळे नेम बिघडला" म्हटलं की संपलंच! हातातलं काम टाकून ते त्या माणसाला बाकावर बसवायचे आणि पाऊण तास सोडायचे नाहीत. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, रायफल क्लबचे मिस्त्री. तीस वर्षं एका खिडकीच्या खोलीत, डोळ्याला भिंग लावून बसलेले. ताई म्हणायची, "माझं तोंड बघायला या माणसाला कधी चष्मा लागला नाही, आणि मॅगझिनचं तोंड बघायला भिंग लागतं!"

मी त्याच क्लबात स्कोअरर. टार्गेटचे कागद उतरवायचे, भोकं मोजायची, गुण लिहायचे. माझं डोकं लवकर तापतं हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे आश्चर्य वाटायला नको.

दाजींचं म्हणणं साधं होतं. मॅगझिन, म्हणजे रायफलला खालून लावायची काडतुसांची डबी, पाच गोळ्यांचं असो की दहाचं, त्याचं काम काडतूस नळीमागच्या खोबणीपर्यंत, चेंबरपर्यंत पोचवायचं. नेम नळीचा, काडतुसाचा आणि माणसाचा. "हां, भरलेलं दहाचं जड असतं, उभ्याने मारताना तोल बदलतो," ते मान्य करायचे. "लांब मॅगझिनचा तळ वाळूच्या पिशवीला टेकला तर रायफल वर उचलली जाते, तेही खरं. पण तो टेकवणाऱ्याचा दोष! नळीतून सुटलेल्या गोळीला मागे किती भावंडं राहिली, ते काय ठाऊक?"

हे सगळं क्लबच्या सेक्रेटरींना पटत नसे. त्यांच्या मते पाचाचं मॅगझिन सोन्याचं आणि नवीन आलेली दहाची म्हणजे कचरा. दोघांची रोज जुंपायची.

निवड चाचणीच्या दिवशी ही भांडणं विनोदाची राहिली नाहीत.

आमची एक मुलगी होती. पहाटे बेकरीत भट्टी सांभाळायची म्हणून सगळे तिला बेकरीवालीच म्हणायचे. स्वतःची रायफल घेण्याची ऐपत नाही, क्लबची वापरायची, पण हात असा स्थिर की मला हेवा वाटे. शंभरात पंच्याण्णवच्या खाली कधी नाही. वयोगटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. या चाचणीत पहिल्या सहांत आली तर संघात, नाही तर आयुष्यभर पाव भाजायचे. तिनेच तसं सांगितलं होतं मला, हसत हसत. मला काही हसू आलं नव्हतं.

सकाळच्या फेरीत तिला पडले एक्क्याऐंशी!

कागद हातात घेतला आणि मी चक्रावलो. एक भोक दहात, एक सातात, एक कुठे भलतीकडेच. ती खाली मान घालून उभी. तिने फक्त एवढंच विचारलं, "काका, मीच चुकले का हो?"

सेक्रेटरी तयारच होते. "सांगितलं होतं! दहाचं मॅगझिन! ऐकतंय कोण?"

दाजी खोलीतून ताडकन बाहेर आले. "सिद्ध करा! जेवणाची सुट्टी तासाभराची आहे. पंचबाईंच्या समोर करू. मॅगझिनची चूक निघाली तर मी मिशा उतरवतो!"

चाचणीला आलेल्या पंचबाई शिस्तीच्या होत्या, पण त्यांनाही उत्सुकता होतीच. नियम त्यांनी तिथल्या तिथे वाचून दाखवला. सामानातला दोष पंचांसमोर सिद्ध झाला तर खेळाडूला फेरी पुन्हा मारता येते. मात्र दोषाचं कारण मिस्त्रीने लिहून सही करायची.

झालं! कुणाला जेवायची शुद्ध राहिली नाही. बेकरीवालीचीच रायफल वाळूच्या पिशव्यांवर नीट बसवली. मॅगझिन कुठे टेकत नाही ना, ते दाजींनी खालून कागद सरकवून पाहिलं. पंचबाई म्हणाल्या, मारणारा तिसराच हवा. मग मीच बसलो. पिशवीवरून मला जमतं, उभ्याने मात्र माझ्या पुढ्यात उभं राहू नका.

आधी पाचाचं जुनं मॅगझिन. पाच गोळ्या. कागद आणला तर पाचही भोकं अंगठ्याच्या नखाखाली झाकली जात होती. मग कपाटातलं दहाचं नवं, पूर्ण भरून. पुन्हा नखाएवढंच! सेक्रेटरींचा चेहरा उतरायला लागला. त्याच मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं भरून बघितली, चार वेळा. तेच! मी कॅलिपर लावून मोठ्याने आकडे ओरडत होतो, लोक टाळ्या वाजवत होते, दाजी मिशांना पीळ भरत होते.

"आता तिचं आणा," पंचबाई म्हणाल्या.

ज्या मॅगझिनने ती सकाळी खेळली, ते लावलं. पाच गोळ्या. कागदापर्यंत मी धावतच गेलो, आणि तिथेच ओरडलो, "बशी! बशीएवढा पसारा!"

"बघा!" दाजी टेबलावर हात आपटून म्हणाले. "दहाचा दोष नाही, मॅगझिनच्या जातीचा नाही! या एकाच नगाला काहीतरी झालंय. आणि पोरीचा दोष तर मुळीच नाही!"

बेकरीवालीने तोंडावर दोन्ही हात धरले. मला इतका आनंद झाला की मी सेक्रेटरींनाच मिठी मारली. नंतर लाज वाटली, तो भाग वेगळा.

मग दाजींनी त्या मॅगझिनमधून एक काडतूस रायफलचा बोल्ट ढकलून चेंबरमध्ये सरकवलं, न झाडता परत बाहेर काढलं आणि भिंगाखाली धरलं. शिशाच्या मऊ टोकावर एका बाजूला लांब ओरखडा. असं ओरबाडलेलं शिसं सरळ कसं जाणार? त्यांनी भिंग मॅगझिनच्या तोंडावर आणलं, जिथे दोन पातळ ओठ काडतूस धरून ठेवतात. मग अंगठ्याचं नख ओठाच्या आतल्या कडेवरून फिरवलं. मी जवळ गेलो.

"माझी कानस आहे," ते हळूच म्हणाले.

आठ दिवसांपूर्वी पोरगी आली होती, शेवटचं काडतूस अडखळतं म्हणून. तिला बेकरीला उशीर होत होता. दाजींनी ओठावर कानशीचे दोन हात मारले, काडतूस लोण्यासारखं सरकलं, खूष होऊन दिलं. एरवी एक काडतूस फिरवून टोक भिंगाखाली बघितल्याशिवाय ते कुणाला काही देत नसत. त्या दिवशी घाईत राहिलं. आतल्या कडेला केसाएवढी खरखर उरली होती, आणि त्यानंतर ते मॅगझिन आजच वापरात आलं होतं.

मी त्यांना कोपऱ्यात ओढलं. "कारखान्यातला दोष लिहा. फेरी तिला मिळतेच आहे. कुणाचं काय जातंय?" कारण नियमाची दुसरी ओळ मला पाठ होती. मिस्त्रीच्या हातची चूक असेल तर त्याचं नाव स्पर्धेच्या यादीतून त्याच क्षणी कटाप, आणि त्याने मैदानाबाहेर जायचं. पुन्हा कधीच घेत नाहीत. तीस वर्षं, दाजी!

"तीस वर्षं मॅगझिनची वकिली केली," ते म्हणाले, "आणि आज माझं पाप त्याच्या माथी मारू? उद्या हे सेक्रेटरी सगळी नवी मॅगझिनं भंगारात काढतील."

"मरू देत मॅगझिनं!" मी चिडून म्हणालो.

त्यांनी ऐकलं नाही. कागदावर ठळक अक्षरात लिहिलं, 'मिस्त्रीने चुकीची कानस मारली', आणि सही ठोकली. पंचबाईंनी दोनदा वाचलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि दाजींनी छातीवरचा बिल्ला काढून दिला. सेक्रेटरी, एवढे कटकटे सेक्रेटरी, तेही खाली बघत राहिले.

बेकरीवाली रडवेली झाली. "काका, तुम्ही नका ना जाऊ."

"रड नंतर. आता मार," एवढं बोलून ते पत्र्याच्या कुंपणाबाहेर गेले.

पंचबाईंनी तिला विचारलं, कुठलं मॅगझिन घेतेस? सगळ्यांना वाटलं, पाचाचं घेईल. तिने कपाटातलं दहाचं घेतलं, पूर्ण भरून.

ती मारत होती, मी दुर्बिणीतून बघत होतो. दहा, दहा, नऊ, दहा... दहाव्या गोळीपर्यंत मी श्वास घेतला की नाही, मला आठवत नाही. शेवटचा आकडा पंचबाईंनी स्वतः मोजला. अठ्ठ्याण्णव! चौथी! आत एकच गलका उसळला. मी कागद तसाच सोडला आणि बाहेर पळत सुटलो.

दाजी पत्र्याला कान लावून उभे होते.

"दाजी, अठ्ठ्याण्णव! पोरगी संघात!"

"ते नाही विचारत," ते माझा दंड घट्ट धरून म्हणाले. "दहाही गोळ्या ऐकल्या मी. पण कुठली अडखळली का? हाताने ढकलावी लागली का एखादी?"

"एकही नाही."

"नक्की?"

"दाजी, देवाशप्पथ, एकही नाही."

ते तिथेच फुटपाथच्या कडेला बसले आणि लहान मुलासारखे मोठमोठ्याने रडले, आणि मीही त्यांच्या शेजारी बसून घेतलं.