वहिनीनं पोट उतरवलं

माझी वहिनी शिंपीण. कुणी 'फॅशन डिझायनर' अशी पाटी लावा म्हणून सुचवलं की म्हणते, "मी कपडे शिवते हो, विमान नाही उडवत." दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशिनं, कापायचं टेबल, भिंतीला उंच आरसा आणि पडद्यामागे कपडे बदलायची जागा. कापणं आणि मशीन तिचं. काज, बटणं, हुक, तुरपाई, इलॅस्टिक ओवणं माझं. माझा नवरा गेला तेव्हा दादानं मला घरी आणलं, पण हातात सुईदोरा दिला तो वहिनीनं. "रडायचं तर रड, पण हात चालू ठेव," म्हणाली. त्याला अकरा वर्षं झाली.

ती मला भागूबाई म्हणते. भित्री भागूबाईतली भागूबाई. खोटं कशाला बोलू, आहेच मी भित्री. गॅस बंद केलाय का ते तीनदा बघते. फोन वाजला की आधी माझ्या छातीत धस्स होतं, मग मी तो उचलते. वहिनीचं उलटं. अंगावर कुत्रा धावून आला तर ती त्यालाच दरडावते, आणि तो ऐकतोही.

तिची दुखरी जागा एकच, पोट. दोन बाळंतपणं आणि तीस वर्षं मशिनवर बसून केलेलं काम. साखर सोडली, रोज पहाटे तासभर चालली, नऊ किलो उतरले. गाल बसले, हात सुकले, पण पोट होतं तिथेच. "सगळे पाहुणे उठून गेले, हा एकटा जेवायला थांबलाय," असं म्हणत ती पोटावर थाप मारायची. लोक हसायचे. पण तिचे स्वतःचे कपडे मी तुरपत होते ना! पुढे झोळ, बाजूला चुण्या, कंबरेवर दुहेरी पट्टी, सगळी झाकाझाक. एक दिवस एका गिऱ्हाइकाला साधा सरळ झगा घालून बघायला दिला, आणि ती बाई गेल्यावर वहिनी आरशासमोर तशीच उभी राहिली. "भागूबाई, मला एकदा असा सरळ शिवणीचा झगा घालायचाय गं. काही न लपवता."

मग ते ऑपरेशन तिच्या डोक्यात शिरलं. नळीनं चरबी ओढून काढतात ते. दादा म्हणाला, "हौसेला मोल नसतं हे खरं, पण हौसेपायी कुणी पोट फाडून घेतं का? मला तू आहेस तशी चालतेस."

"तुम्हाला चालते हो. मला नाही चालत." विषय संपला.

डॉक्टरांकडे मीच गेले सोबत. डॉक्टर हळू बोलणारे, हात स्वच्छ. त्यांनी पोटाची वळी चिमटीत धरून पाहिली, उभं करून पाहिलं, वाकवून पाहिलं. म्हणाले, "हे वजन उतरवायचं ऑपरेशन नाही. एका जागची हट्टी चरबी निघेल, बस. कातडी सैल आहे ती थोडी सैलच राहील. खरा फरक तीन-चार महिन्यांनी दिसेल, सूज पूर्ण उतरल्यावर. तोवर आरशावर रुसायचं नाही."

मी विचारलं, "यात कुणी दगावत तर नाही ना?"

वहिनीनं मला कोपरानं ढोसलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "क्वचित. म्हणजे कधीच नाही असं नाही. पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती छातीत जाऊ शकते. म्हणून तर ऑपरेशननंतर लगेच चालायला लावतो आम्ही."

झालं! त्या दिवसापासून तो 'क्वचित' माझ्या पानाशेजारी जेवायला बसायला लागला. हजारांत एखादी असेल, पण ती एखादी म्हणजे कुणाची तरी वहिनीच ना?

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी तिला उभं करून पेनानं पोटावर आणि कमरेवर गोल गोल रेघा आखल्या. ही बया उपाशीपोटी, अंगात हिरवा गाऊन, आणि म्हणते काय, "डॉक्टर, उजवीकडची रेघ अर्धा इंच वर गेलीय." डॉक्टर मागे सरकले, बघितलं, आणि पुसून पुन्हा काढली. नर्स तोंड दाबून हसली. मला हसू आलं नाही. तिला ढकलत आत नेलं, दार बंद झालं, आणि मी बाकावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. दादा शेजारी होता. अडीच तास लागले.

बाहेर आणली तेव्हा ती थरथर कापत होती. दात वाजत होते. मला वाटलं, संपलं सगळं. नर्स म्हणाली, आधी आत भरपूर औषधी पाणी सोडतात, मग चरबी ओढतात, म्हणून थंडी वाजते. दोन ब्लँकेटं घातली. जरा वेळानं चादरीवर लालसर ओल पसरली आणि मी किंचाळले. तेही व्हायचंच होतं म्हणे. बारीक छिद्रं मुद्दाम उघडी ठेवतात, उरलेलं पाणी त्यातून झिरपून जातं. जे जे बघून माझा जीव जात होता, ते ते सगळं 'व्हायचंच' होतं.

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि हातात कागद दिला. तो मी इतक्यांदा वाचला की पाठ झाला. वरच्या भागात काय होणार ते: सूज, काळेनिळे डाग, बधिरपणा, झिरपणं, चौथ्या दिवशी उगाच रडू. खालच्या भागात, ठळक अक्षरांत, काय झालं तर धावत यायचं ते: एकाच पायाची पोटरी दुखणं किंवा सुजणं, धाप, छातीत कळ, ताप. आणि अंगात तो घट्ट पोशाख, प्रेशर गार्मेंट म्हणतात त्याला. छातीखालून सुरू होऊन मांडीच्या मध्यापर्यंत येणारा. सहा आठवडे घालायचा. दर दोन तासांनी चालायचं.

तिसऱ्या दिवशी तो पहिल्यांदा काढायचा होता. दोन हुक सोडले आणि वहिनीच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. "डोळ्यांपुढे काजवे..." म्हणत ती माझ्या खांद्यावर कोसळली. कागदावर हेही होतं, आडवं करून पाय वर उचलायचे. मी केलं सगळं. पोट बघितलं तर पिकलेल्या जांभळासारखं झालेलं. तिनं हात लावून पाहिला. "माझं नाहीच वाटत गं हे. दुसऱ्या कुणाच्या पोटाला हात लावल्यासारखं वाटतंय."

आता पुढचं सांगते. इथे मी मनातल्या मनात शंभरदा अडखळलेय.

तो पोशाख धुऊन वाळत घातला होता. वहिनीनं पडल्या पडल्या तो मागवून घेतला, उलटा केला आणि शिवण बघितली. "ही काय शिवण आहे? सूज उतरतेय तशी कमरेत सैल पडायला लागलीय. दोन्हीकडून बोटभर घे आत." मी म्हटलं, "अगं, डॉक्टरांना विचारू." म्हणाली, "शिवणातलं डॉक्टरांना काय विचारायचं? ते येतात का मला टाके विचारायला?"

मी मशिनवर बसले आणि कमरेत बोटभर घेतलं. तिनं सांगितलं होतं ते एवढंच. पण अंगात असताना मांडीवरची कड गुंडाळून वर सरकायची, ते मी पाहिलं होतं. माझ्या मनात भीती बसली की कड सरकली तर खाली सगळी सूज साठेल. मी इलॅस्टिक दुहेरी केलं आणि हातानं बारीक टाक्यात पक्कं केलं. डावा पाय झाला, आणि तेवढ्यात ती म्हणाली, "थंडी वाजतेय गं, दे लवकर." उजवा राहूनच गेला. तिला काही सांगितलं नाही. चांगलंच केलंय असं वाटत होतं ना, मग सांगायचं काय?

पाचव्या दिवशी शाळेच्या गणवेशांचं काम आलं आणि ही मशिनवर जाऊन बसली. मी म्हटलं, "चालायचं लिहिलंय, बसायचं नाही." म्हणाली, "पाय हलतोयच की." मोटारीच्या मशिनवर पाय कुठला हलायला? पण तिच्यापुढे कुणाचं चालतं? दुपारभर बसली.

सातव्या दिवशी सकाळी लंगडत आली. "पायात गोळा आलाय. जरा तेल लावून चोळ." मी वाटी घेतली, खाली बसले आणि पोटरीला हात लावला. गरम होती. ताणलेली, तुकतुकीत. माझा हात तिथेच थांबला.

"वहिनी, हे कागदावर आहे."

"कागदावर सूजही आहे. सूज येणार असं डॉक्टरच म्हणाले."

"एकाच पायाला?"

"अगं, भागूबाई, तुला झुरळ दिसलं तरी तू..."

मी टेपच घेतला. टेबलावरचा, कापडाचा. उजवी पोटरी साडेतेरा, डावी पंधराला टेकलेली. तिच्या समोर आकडा धरला. तीस वर्षं टेपावर विश्वास ठेवून जगलेली बाई. टेपाशी ती वाद घालत नाही. ती उठायला गेली, टेबलाला धरलं, आणि बोलता बोलता थांबली. श्वास पुरेना. नुसती उठून उभी राहिली होती ती, बाकी काही नाही. त्या क्षणी मी तिच्या डोळ्यांत भीती पाहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आणि मला कळलं, आता या घरात न घाबरणारं कुणी उरलं नाही.

दादा कामावरून, चष्म्याच्या दुकानातून, तसाच धावत आला. गाडीत ती माझा हात इतका घट्ट धरून होती की नखं रुतली. मी मनात म्हणत होते, क्वचित, क्वचित, क्वचित.

पायात गुठळी होती, आणि तिचा तुकडा फुप्फुसात गेला होता. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हातात सुया, शेजारी टिकटिकणारं यंत्र. डॉक्टरांनी आम्हा दोघांना पलंगाशीच उभं करून सांगितलं, "वेळेवर आणलंत. पण दोन दिवस काही सांगता येणार नाही." मग नर्सनं कापून काढलेला तो पोशाख त्यांनी हातात घेतला आणि डावी कड ताणून पाहिली. चेहरा कठीण झाला.

"हे कुणी आवळलं? बसून राहिल्यानंही गुठळी होते, ऑपरेशननंतर तशीही होऊ शकते, पण असा आवळपट्टा मांडीला? पायातलं रक्त वर येणार कुठून? कुणी केलं हे?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. डोक्यात काय आलं सांगू? लाज वाटते सांगायला. हिच्या जिवाचं नाही आलं. आलं ते हे, की आता मी कुठे जाणार?

वहिनीनं मास्क बाजूला सारला.

"मी. मीच आवळलं. सैल वाटत होतं."

डॉक्टर तिच्यावर रागावले. दादा रागावला, डोळे पुसत पुसत रागावला. "तीस वर्षं शिवतेस म्हणून स्वतःलाच शिवायला निघालीस?" तिनं डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. मी तिची चादर नीट करत राहिले. ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. ती गेली असती तर माझा अपराधही तिच्याबरोबर गेला असता, दादाला जन्मात कळलं नसतं. असला विचार मनात येऊन गेला, आणि मी बाथरूममध्ये जाऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

ती वाचली. दवाखान्यात नेल्यापासून आठव्या दिवशी घरी सोडली. बरोबर इंजेक्शनं दिली, रक्त पातळ ठेवायची, दहा दिवस सकाळ-संध्याकाळ, पुढे कित्येक महिने गोळ्या. नर्सनं मला शिकवलं, उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, चिमटीत धरून, सुई सरळ. दादाला रक्त बघवत नाही. म्हणजे मीच.

पहिल्या सकाळी मी पलंगाशी बसले. सिरिंज हातात, टोपण काढलेलं. आणि तोंडातून निघून गेलं, "वहिनी, ते इलॅस्टिक..."

"माहीत आहे."

"तुला कसं...?"

"तुझा टाका मला ओळखू येणार नाही? दोन दोऱ्यांचा, उलट्या हाताचा. नर्स कापत होती तेव्हाच दिसला." तिला अजून एका दमात बोलवत नव्हतं. थांबली. "कंबर मीच घ्यायला लावली. मशिनवर मीच बसले. तुझा एक टाका."

"मग खोटं का बोललीस? मला शिव्या खाऊ द्यायच्या होत्यास."

"शिव्या खाल्ल्या असत्यास, आणि मग?" तिनं चादर बाजूला करून मांडी उघडी केली. "मग जन्मात माझ्या अंगाला हात लावला नसतास. मला या घरात दुसरं आहे कोण? टोच आता."

मी कापसानं जागा पुसली. तिचा पाय थरथरत होता. तीही घाबरली होती, माझ्याच हाताला, आणि तरी मांडी हलवत नव्हती. मी चिमटीत धरलं आणि सुई घातली.