पडद्यावरच्या पहिल्या ओळी

कॉम्प्युटर सुरू करताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी झरझर सरकत जातात, त्या सहसा कोणी वाचत नाही. मीही बरीच वर्षं वाचत नव्हतो. मी मूळचा अकोल्याचा, दुकान अमरावतीत, धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. स्वभाव असा, की यंत्राने लवकर दाद दिली नाही तर माझं डोकं फिरतं. भातकुलीकडच्या एका रोपवाटिकेतल्या मशीनने मला एक अख्खा उन्हाळा नाचवलं.

रोपवाटिका भाजीपाला पिकवणाऱ्या एका घराची. त्या घरच्या धाकट्या सुनेने हट्ट धरून हिरव्या जाळीच्या शेडमध्ये कॉम्प्युटर बसवून घेतला होता. ऊन तापलं की तो आपणहून तुषार सोडायचा आणि मिरची-वांग्याची कोवळी रोपं तगायची. संध्याकाळी मेन स्विच बंद, सकाळी चालू. पण काही सकाळी मशीन सुरू होता होता मध्येच अडकायची, तुषार सुटायचे नाहीत आणि आपल्याकडचं ऊन काही थांबायचं नाही. एका वाफ्यातली रोपं जळाल्यावर मोठ्या दिरांनी निकाल देऊन टाकला: आणखी एकदा अडकली की मशीन भंगारात, शेडवर गडीमाणूस, आणि धाकटी सून पुन्हा शेतात निंदणाला, तण काढायला. तिला ते काम हलकं वाटत होतं असं नाही. पण शेड तिची होती, ती तिने मनातून उभी केली होती, आणि ती हातची जाईल या धास्तीने तिला जेवण गोड लागत नव्हतं.

फोन आला की मी गाडीला किक मारून पोचायचो, आणि पाहतो तर मशीन ठणठणीत. दर वेळी हेच. मशीनचा डबा लख्ख पुसलेला, त्यावर हळदकुंकू, आणि मेन बंद करून पुन्हा चालू केलेला.

"ताई, अडकली तर तशीच राहू द्या म्हणून सांगितलं होतं ना?"

"भाऊ, तुमी एवढ्या उन्हात येऊन राह्यले, अन् तुमच्यापुढं बिघडेल मशीन ठेवू? बरं दिसते काय ते?"

आमच्याकडे माणूस दारात यायच्या आधी अंगण झाडून होतं. तिने मशीनचंही अंगण झाडलं, आणि त्या झाडण्यात मला हवा तो सगळा पुरावा गेला. मी चिडलो, हे खरं. पण तिने ताक पुढे केलं आणि चिडून ताक पिता येत नाही.

अडचण खरी होती. त्या पहिल्या ओळींत मशीन सांगत असते की मला मेमरी किती सापडली, डिस्क कोणती दिसली, काय दिसलं नाही. पण तेव्हा डिस्क अजून जागी झालेली नसते, त्यामुळे ते बोलणं लिहून ठेवायला जागा नसते. ते नुसतं मेमरीत राहतं. मशीन नीट सुरू झाली तर पुढे डिस्कवर उतरतं. मध्येच अडकली आणि मेन ओढला, की पुसलं गेलं.

मग मी मशीनच्या मागच्या जुन्या पद्धतीच्या पोर्टला एक लांब वायर लावली आणि ती शेजारच्या, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत नेली. तिथे दुकानातला एक म्हातारा लॅपटॉप ठेवला. मशीनने तोंड उघडलं रे उघडलं, की पहिल्या ओळीपासून सगळं त्या वायरीतून लॅपटॉपवर उतरणार, मशीन पुढे जगो की मरो.

"उद्या पाहायले येतो," म्हणून मी निघालो. दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा वायर छान गुंडाळून, रबर लावून खुंटीला टांगलेली. मी येणार म्हणून तिने आदल्या संध्याकाळीच आवरून घेतलं होतं. आणि नेमकी त्याच सकाळी मशीन अडकली होती. दिरांना कळायच्या आत तिने मेन बंद-चालू करून निभावलं होतं.

मी खुंटीसमोर उभा राहून हसत सुटलो, कारण रागवायचं राहून गेलं होतं. मग तिला ठिबकच्या नळीचं उदाहरण दिलं. पाणी चालू असताना नळी कोणी गुंडाळून ठेवतं का? ती ओशाळली. "नाई गुंडाळत," म्हणाली, आणि स्वतःच वायर पुन्हा जोडली.

पुढचा फोन आला तो चांगल्या कडक उन्हाच्या सकाळी. "भाऊ, अडकली. मोठे भाऊजी मशीन उचलून न्याले आले होते. म्या म्हटलं, भाऊ येऊन पाहीपर्यंत कोनी हात लावायचा नाई."

पोचलो तर मशीन अडकलेली, वायर जमिनीवर पसरलेली, डब्यावर धूळ. ती पडद्यापुढे उभी, आणि मोठे दीर तोंड फिरवून पाइपाने रोपांना पाणी घालत होते. मला पाहुण्यासारखं काहीच मांडलेलं नव्हतं. इतका मान मला त्या घरात कधी मिळाला नव्हता.

लॅपटॉप उघडला. चांगल्या सकाळी मशीन म्हणत होती, मेमरी पूर्ण आहे. आज म्हणत होती, निम्मीच दिसते, आणि त्यानंतर थोड्याच ओळींनी गप्प. डबा उघडून मेमरीच्या पट्ट्या काढल्या, तर एका पट्टीच्या पिवळ्या कडेवर काळसर थर. दिवसभर तुषार उडायचे आणि तो दमटपणा डब्यात जाऊन बसायचा. शाळेतल्या खोडरबरने ती कड घासली, पट्टी परत बसवली आणि मशीनच उचलून मोटारीच्या कोरड्या खोलीत नेली.

तिनेच स्विच टाकला. ओळी धावल्या, मेमरी पूर्ण. थोड्या वेळाने शेडमध्ये फुस्स आवाज झाला आणि रोपांवर धुकं उतरलं. तिने डोळ्यांना पदर लावला.

दिरांनी पाइप खाली ठेवला. शेडमधलं काहीही विचारायचं तर आजवर ते धाकट्या भावाकडे, म्हणजे तिच्या नवऱ्याकडे, निरोप द्यायचे. आज तिच्याकडेच वळले.

"मिरचीचा पुढचा लॉट तू कवा टाकतं?"

पदर खोचत ती म्हणाली, "पुढच्या हप्त्यात. गादीवाफे तेवढे तुमी करून द्या."