आचलचा अर्धा प्रश्न

आमच्या घरी लिंबू येतं ते पोह्यांवर पिळायला आणि मिरच्या येतात त्या फोडणीला. दारावर टांगायला कधी आल्या नाहीत. मी कॉम्प्युटरचा माणूस. वीस वर्षं मशीन उघडतोय, जोडतोय, आणि जे मशीनमध्ये घातलंच नाही ते मशीनमधून बाहेर येत नाही यावर माझा ठाम विश्वास होता. या सदरात लोक आपापले अनुभव लिहितात ते मी वाचायचो, पण खरं सांगायचं तर हसायला वाचायचो. आज स्वतःच लिहायला बसलोय. घाबरलोय म्हणून नाही... लाज वाटते म्हणून. भीती असती तर एव्हाना गेली असती.

मी नागपूरला धरमपेठेत राहतो. एका संस्थेत नोकरी करतो, तिचं नाव राहू द्या. खेड्यातल्या शाळांना कॉम्प्युटर बसवून द्यायचे आणि मुलांना त्यांची, इंटरनेटची ओळख करून द्यायची, हे आमचं काम. गेल्या वर्षी जानेवारीत उमरेडच्या पुढे, एसटीच्या फाट्यापासून दोन किलोमीटर आत, एका गावातल्या शाळेत आम्ही चार कॉम्प्युटर लावले. गावाच्या एका अंगाला कोळशाची खाण, दुसऱ्या अंगाला शेतं, आणि मधल्या दोन गल्ल्यांमध्ये अजून हातमाग चालतात.

उद्घाटनाला नागपूरहून पाहुणे येणार होते. फोटो निघणार होते. आणि गावात नेटवर्क नव्हतं! म्हणजे होतं, पण पाण्याच्या टाकीवर चढलात तर. इंटरनेटची जोडणी पुढे कधीतरी होणार होती. मग पाहुण्यांना दाखवायचं काय? आमच्या धंद्यात यावर एक तोडगा आहे आणि मी तो आधीही दोन-तीन शाळांत वापरला होता. आदल्या दिवशी ऑफिसात बसून मी वेबसाइटचं एक नकली पान तयार केलं. वर मोठ्या अक्षरांत ‘विचारा, उत्तर मिळेल’. खाली लिहायला चौकट, त्याखाली बटण. बटण दाबलं की लिहिलेलं सगळं पुसलं जायचं आणि हिरव्या अक्षरांत यायचं — ‘तुमचा प्रश्न पोहोचला. उत्तर लवकरच येईल.’ बस्स, एवढंच. प्रश्न कुठे जात नव्हता, कुठे साठवला जात नव्हता. पान माझ्याच हातचं, म्हणून छातीठोकपणे सांगतोय.

हेडमास्तरांनी नारळ फोडला, चारही मॉनिटरला हळदकुंकू लावलं. मुलं चपला बाहेर काढून, केसांना चोपून तेल लावून ओळीत उभी. मी भाषण ठोकलं. काय काय बोललो! यात जगातलं सगळं ज्ञान आहे, यात मास्तर आहेत, डॉक्टर आहेत, काहीही विचारा, उत्तर येणार म्हणजे येणार. डॉक्टर हा शब्द मीच उच्चारला होता, तो मला नीट आठवतो.

एका पोरानं विचारलं, वाघ गावात आला तर काय करायचं. बटण, हिरवी अक्षरं, टाळ्या. मग सहावीतली आचल आली. बारीक चणीची, दोन वेण्या घातलेली. कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावलेले होते, ती एकेक अक्षर शोधून टाइप करत होती. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. मी तिच्या खांद्यावरून वाकून स्क्रीन पाहिली. ‘माह्या आईले धागा अर्धाच दि’ एवढं झालं होतं. मी हात पुढे केला आणि तिच्यासाठी बटण दाबून टाकलं.

“थांबा ना सर, पुरं नाही झालं,” ती म्हणाली.

“पोहोचला बेटा, पोहोचला. बाकीचं त्याला समजतं.”

टाळ्या झाल्या. आमच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच फोटो आहे... हिरवी अक्षरं आणि त्यांच्याकडे बघणारी आचल.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात डबा खात होतो. फोनवर मेसेज आला. पाठवणाऱ्याचा नंबर असतो ती जागा कोरी. मजकूर — ‘माह्या आईले धागा अर्धाच दि’.

माझा घास हातातच राहिला. मग वाटलं, हे नितीनचं काम. नितीन माझा सहकारी, त्या दिवशी कॅमेरा त्याच्याकडे होता.

“काय बे, काय टाइमपास करून राहिला?” मी त्याला फोन दाखवला.

“मी? मी तर पाहुण्यायचे फोटो काढून राहिलो होतो. त्या पोरीनं काय लिहिलं ते मले काय माहीत?”

तो खरं बोलत होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी मेसेज पुसून टाकला.

आठवड्यानं दुसरा आला. मी धरमपेठेतच भाजी घेत होतो, भर सकाळी, हातात मेथीची जुडी. नंबर पुन्हा कोरा. ‘माह्या आईले धागा अर्धाच दिसते. एका डोळ्यापुढं काळा पडदा आल्यावानी वाटते.’

वाक्य पुरं झालं होतं. जे तिनं टाइप केलंच नव्हतं, जे मी तिला करू दिलं नव्हतं, ते माझ्या हातात होतं. हा मी पुसला नाही. मोबाइलच्या दुकानात दाखवला. तिथला मुलगा म्हणाला, नंबराशिवाय मेसेज येऊच शकत नाही काका, फोन रिसेट करा.

हेडमास्तरांचा नंबर माझ्याकडे होता. एक फोन, एवढंच करायचं होतं. पण काय बोलणार? नसलेल्या इंटरनेटवरून मेसेज आला म्हणून सांगणार? मग ते विचारणार, नसलेलं म्हणजे? त्यांनाही ते पान खरंच वाटत होतं. मी तीन वेळा नंबर काढला आणि तीन वेळा फोन खाली ठेवला. भुताला मी घाबरलो नाही हो. लबाडी उघडी पडेल याला घाबरलो.

आणखी दहा-बारा दिवसांनी तिसरा आला. ‘आई म्हणते सरांचं उत्तर येऊ दे, मंग दवाखान्यात जाऊ. सर, उत्तर काहून नाही येऊन राहिलं?’

यावर तुम्ही काय केलं असतं ते मला माहीत आहे. कुणीही तेच केलं असतं. मी मात्र फोन उपडा ठेवला आणि मीटिंगला गेलो. पुन्हा मेसेज आला नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं... होय, सुटल्यासारखंच वाटलं.

जूनअखेर शाळा उघडल्यावर जोडणीच्या कामासाठी मी त्या गावी गेलो. शाळेतल्या मॅडमनी कुलूप काढलं. चारही कॉम्प्युटर फुलाफुलाच्या चादरीखाली. चादर उचलली तर मॉनिटरवर कुंकू तसंच, वाळून काळं पडलेलं.

“उद्घाटनानंतर खोली उघडलीच नाही सर,” मॅडम म्हणाल्या. “खराब झाले तर कोणाच्या अंगावर घ्यायचं, म्हणून हेडमास्तरांनी त्याच दिवशी वायरीसुद्धा काढून कपाटात ठेवल्या.”

“आचल नावाची मुलगी होती एक...”

“ती आता कमी येते. आईचा एक डोळा गेला ना तिच्या. माग तिलेच चालवा लागते.”

मी शिपायाला पत्ता विचारून तिच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत माग, त्यावर अर्धी झालेली साडी, आणि मागावर आचल. आई भिंतीला टेकून हाताच्या अंदाजानं सूत गुंडाळत होती. उद्घाटनाला तिनं मला पाहिलं होतं, ओळखल्याबरोबर उठायला लागली.

“या ना सर, बसा. आचल, सरायले पाणी दे वं.”

डोळ्याचं तिनं स्वतःच सांगितलं, तक्रार म्हणून नाही, पाहुण्याला घरची हकीकत सांगतात तसं. नागपूरच्या दवाखान्यात नेलं होतं. आतला पडदा सुटला म्हणाले. “पंधरा दिवस आधी आणलं असतं तर जमलं असतं म्हने डॉक्टर. आता कोणाले माहीत होतं? हे पोट्टी रोज म्हने, आई, थांब, उत्तर येऊन राहिलं.”

पाण्याचा गिलास माझ्या हातात होता. तो मी तसाच खाली ठेवला.

“आचल,” मी विचारलं, “तू नंतर कधी लिहिलंस का गं? कॉम्प्युटरवर? कुणाच्या मोबाइलवर?”

“नाही सर. खोलीले तं कुलूप होतं. मोबाइल बाबापाशी राह्यते, ते खाणीवर नेतात.” मग जरा लाजून म्हणाली, “बाकीचं मी मनात लिहत होती. तुम्ही म्हणाले ना, बाकीचं त्याले समजते.”

माझ्या खिशातल्या फोनमध्ये ते दोन मेसेज तसेच होते. आताही आहेत. नितीननं पाहिलेत, आणखी दोघा जाणत्या माणसांनी पाहिलेत, सगळ्यांनी मान हलवून फोन परत दिला. त्या पानाची ओळ न् ओळ मी पुन्हा तपासली, त्यात माझा नंबर कुठेच नाही. माझा नंबर त्या मुलीला ठाऊक असायचंही काही कारण नव्हतं.

निघताना आचल दारापर्यंत आली. मागावरच्या सुताचा एक तंतू तिच्या केसात अडकला होता.

“सर, माहा प्रश्न पोचला होता काय?”

अख्खी गोष्ट सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा मिळणार नव्हती. आई ऐकत होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “नाही बेटा. तांत्रिक बिघाड होता. नाही पोहोचला.”

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. ती वळून आत ओरडली,

“पाह्य आई, म्या म्हटलं होतं ना! पोचला असता तं सरांनी सांगितलंच असतं.”

मेसेज कसे आले हे मला आजही सांगता येत नाही, आणि कधी सांगता येईल असं वाटतही नाही. ते आले होते एवढं मला माहीत आहे. त्या दोघींना अजून माहीत नाही.