गाईच्या वाट्याची टरफलं

जबलपूरच्या थंडीत मटार सोलायला न बसणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर घरात भांडलेला. आमच्याकडे सिहोऱ्याहून बसच्या टपावर पोतं येतं, व्हरांड्यात चादर पसरली जाते आणि घरचे, शेजारचे, चुकून भेटायला आलेले, सगळे तिच्याभोवती बसवले जातात. दाणे फ्रीजरमध्ये आणि टरफलं दारात येणाऱ्या गाईला, ही वाटणी माझ्या लग्नाच्या आधीपासून ठरलेली. ती मोडली मी. पंचेचाळिशीला टेकल्यावर मला पीएचडीची हुक्की आली आणि मार्गदर्शक सरांनी विषय दिला, मटाराच्या टरफलांपासून नॅनोसेल्युलोज.

आता नॅनोसेल्युलोज म्हणजे काय, तर प्रत्येक झाडपाल्यात जो चिवट धागा असतो तो सोडवत सोडवत इतका बारीक करायचा, की शेवटी तो आहे यावर फक्त विश्वास ठेवावा लागतो. टरफलं वाळवायची, दळायची, कॉस्टिक सोड्यात उकळायची, ब्लीचने रंग घालवायचा, आम्लात टाकायची, आणि मग धूत बसायचं. पोतंभर टरफलांतून डबाभर पांढुरका, चिकट लगदा हाती लागतो. हा लगदा बशीत पातळ पसरून वाळवला की काचेसारखा पापुद्रा होतो. तो पोलादाच्या तोडीचा असतो आणि उद्या प्लास्टिकची जागा घेणार आहे, असं प्रत्येक शोधनिबंधाच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलेलं असतं. माझा पापुद्रा बशीतून काढतानाच फाटायचा. त्याने बहुधा ते निबंध वाचले नसावेत.

सासूबाईंना या सगळ्यातली एकच गोष्ट पटली नव्हती, पण ती मुळातली होती.

"काहून गं, गाईच्या तोंडचा घास काढून राहिली तू?" त्या पहिल्याच थंडीत म्हणाल्या.

"आई, संशोधन आहे ते."

"अच्छा. गाईला सांग मग तसं."

त्यानंतर माझ्या संशोधनाचं घरातलं नाव 'तुझं ते टरफलांचं' असं पडलं. पाहुण्यांना त्या सांगत, "सून कॉलेजात शिकवते, आणि वेळ उरला की सालं उकळते." नवरा रेल्वेत आहे. गाडी उशिरा आहे हे ज्या शांतपणे सांगतात, त्याच शांतपणे तो माझ्या पदवीची चौकशी करणाऱ्यांना उत्तर द्यायचा.

काही हिवाळे असे गेल्यावर गेल्या मार्चमध्ये एकदाचा लगदा जसा हवा तसा उतरला. साठवलेली सगळी टरफलं त्यात संपली. बाहेरून येणाऱ्या परीक्षक बाई सोमवारी तोंडी परीक्षा घेणार होत्या आणि नमुना स्वतः हाताळून बघणार होत्या. तो दिसला तर पदवी, नाही तर पुढच्या थंडीची वाट बघा. कारण मार्चमध्ये आमच्या घरी मटार असतो तो फ्रीजरमध्ये, टरफलांशिवाय.

आमच्या कॉलेजात शनिवारी दुपारी चौकीदार वीज वाचवण्यासाठी मेन स्विच बंद करून घरी जातो. प्रयोगशाळेतला फ्रीजही त्यामुळे सुटीवर असतो. म्हणून मी लगदा स्टीलच्या डब्यात भरून, वर चिठ्ठी चिकटवून घरी आणला आणि आमच्या फ्रीजमध्ये ठेवला. चिठ्ठीचा उपयोग होईल असं वाटणं हा माझा भोळेपणा. आमच्या घरात 'बेसन' लिहिलेल्या डब्यात रवा असतो आणि 'रवा' लिहिलेल्यात सुतळी. डब्यावरचं वाचणारा माणूस आमच्याकडे उपाशी मरेल.

रविवारी दुपारी बाजारातून आले, तर गच्चीवर माझी गडद हिरवी सुती साडी वाळत होती. वाऱ्यावर ती हलत नव्हती, दार हलावं तशी एकसंध मागेपुढे होत होती.

"कलफ केला तुझ्या साडीला," सासूबाई म्हणाल्या. त्या आयुष्यभर भाताच्या पेजेने नाही तर साबुदाण्याने साड्यांना कडक कलफ, म्हणजे खळ, करत आल्या आहेत. "तू फ्रीजमध्ये ठेवला होता ना डबाभर, तोच बादलीत कालवला. फार चांगला होता गं. गडद रंगावर एक डाग नाही पडला."

मी खाली धावले. डबा घासून पालथा घातलेला होता. मी तशीच परत गच्चीवर आले.

मला संताप आला. इतका, की बोलायला तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची मलाच भीती वाटली. "माझी साडी काढायला सांगितलं कोणी तुम्हाला?" एवढंच मी कशीबशी म्हणाले.

"उद्या परीक्षा नाही का तुझी? एवढ्या शिकलेल्या बाया येऊन राहिल्या, आणि तू तशीच चुरगळलेली जाशील. लोक म्हणतील, घरी हिच्याकडे बघणारं कोणी नाही."

माझ्या परीक्षेचा दिवस त्यांना ठाऊक असेल असं मला वाटलंच नव्हतं. माणसाने मनसोक्त रागवावं म्हटलं, तर तेवढीही सोय या घरात नाही.

"आई, तो कलफ नव्हता. तो माझा नमुना होता."

"टरफलांचा?"

"हो."

"सगळा?"

"सगळा."

त्या पायरीवर बसल्या. त्यांनी साडीकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "धुऊन ते पाणी आटवलं तर?"

नाही होत तसं, हे सांगताना मला रडू आलं. नमुन्यासाठी की त्यांच्यासाठी, ते मी तेव्हा तपासलं नाही.

सोमवारी मी माझा प्रबंध नेसून गेले. प्रत्येक पावलाला तो करकरत होता. परीक्षक बाईंनी नमुना मागितला तेव्हा मी उभी राहून झालं ते सगळं सांगितलं. सरांनी छताच्या पंख्याचा सखोल अभ्यास सुरू केला. बाईंनी जवळ येऊन पदराचं टोक बोटांत धरलं, वाकवलं, त्यावर पाण्याचे दोन थेंब सोडून बघितले.

"प्रमाण किती घेतलंत?"

"डबाभर लगदा, बादलीभर पाणी. बाकी सासूबाईंचा अंदाज."

त्या हसल्या, सगळेच हसले. साडी फार सुंदर आहे असंही त्या म्हणाल्या. मग त्यांनी शेरा लिहिला, नमुना नव्याने तयार करून दाखवावा. विज्ञानात कौतुक वेगळं आणि सही वेगळी.

घरी येऊन मी एवढंच सांगितलं, की पुढच्या थंडीत परत. उन्हाळाभर आणि पावसाळाभर सासूबाईंनी टरफलांचा विषय काढला नाही, आणि मला त्यांच्या टोमण्यांची चक्क आठवण येत राहिली.

या थंडीत पोतं आलं. व्हरांड्यात चादर पसरली, माणसं बसली. मी कॉलेजातून परतले तेव्हा टरफलं देठं काढून, निवडून गच्चीवर वाळत घातलेली होती आणि उरलेल्या ढिगाशी सासूबाई एकट्या बसल्या होत्या. फाटकात गाय येऊन नेहमीसारखी मान आत घालून उभी होती.

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, तिला दोन पोळ्या दिल्या आणि तिच्या कपाळावर हात फिरवला. गाय जबलपूरची, तिच्याशी त्या हिंदीतच बोलतात.

"छिलके इस बार नहीं मिलेंगे," त्या तिला म्हणाल्या. "हमारा काम अटका है."