कापसानं दम लागत नोता

"कापूस नाही, तुझ्या हृदयाचा व्हॉल्व खराब आहे." यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम असं बोलल्या तेव्हा माही नऊ महिन्यांची पोरगी माह्या मांडीवर होती. मी पहिले तिलेच घट्ट धरलं. मी गेली तं हिले कोन पाहीन?

मी आठवी शिकली. जसं झालं तसं सांगतो. बायाहो, तुमाले दम लागत असन तं हे वाचाच.

त्या साली कापसाले भाव नोता. भाव येईन म्हनून बाभुळगावाकडच्या आमच्या गावात घरोघरी कापूस भरून ठेवलता. आमच्या दोन खोल्या. एक आढ्यापर्यंत कापसानं भरलेली, दुसरीत आमी पाच जन. मले पानी आनताना दम लागे, भाकरी थापताना लागे, मंग तं आडवं पडलं तरी लागे. सारे म्हनत, कापसाची रुई छातीत बसली. गावातल्या डॉक्टरनं दम्याचा पंप देला. मीई तेच म्हनो, कापसानं होते.

सासूनं कापूस पडेल भावात विकाले लावला. गाडी निंगाली अन् ते बोलली, "तुह्यापाई घर खाली केलं वं. उपकार ध्यानात ठेवजो."

खोली झाडून झाली. दम तसाच! अन् आता सांगाचीई सोय राह्यली नाई. "आता कोनता कापूस हाय घरात? कामाचा कटाळा हाय हा," सासू म्हने. नवरा वावरात निंगून जाये. मी पदर तोंडात कोंबून धापा टाको. काहून? तं माह्यावर उपकार केले होते! दोन महिने मी त्या उपकाराखाली गप बसली. आजबी आठवलं का आंगाची आग होते.

पोरीले लस द्याले अंगणवाडीत गेली. नर्सबाई पोरीले सोडून माह्याकडंच पाहून राह्यली.

"बाई, तू चालत आली का पळत?"

"चालतच."

"पाय दाखव."

पायावर बोट दाबलं तं खड्डा पडला. "लहानपनी ताप येऊन सांधे सुजलते का?"

सुजलते. गुडघा उतरला का मनगट सुजे. मायनं शेकून देलतं.

नर्सबाईनं चिठ्ठी लिहिली अन् माह्या नवऱ्याले फोन लावला. "उद्या इले यवतमाळले नेलं नाई ना भाऊ, तं मी तुह्या घरी येऊन बसतो."

तिथं इको केला. छातीवर थंडगार मलम लावून यंत्र फिरवतात, पडद्यावर आपलं दिल हालताना दिसते. आजाराचं नाव मायट्रल स्टेनोसिस. मॅडमनं खोलीचा दरवाजा अर्धा लावून दाखवला. "व्हॉल्व म्हणजे असं दार. तुझं पुरतं उघडत नाही, म्हणून रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं. लहानपणीच्या त्या तापानं हे झालं."

नागपूरले बलून केला. मांडीजवळच्या नसेतून तार नेतात, अन् फुगा फुगवून दार उघडतात. छाती फाडत नाई. टेबलावर मी भेवानं पोरीचंच नाव घेत होती.

तिसऱ्या दिवशी मी सपाट झोपली. सपाट!

नर्सबाईले नारळ अन् ब्लाऊजपीस नेला. तिनं परत केला. "हे राहू दे. दर एकवीस दिवसानं पेनिसिलिनचं इंजेक्शन घे, बस." तो ताप पुन्हा येऊ नये म्हनून असते ते. लई दुखते, कमरीत गोळा येते. पन एकबी चुकवलं नाई मी.

आता मी बचत गटात शाळेचे ड्रेस शिवतो. गटाच्या कार्यक्रमात पाहुण्या बाई बोलल्या, जो आभार मानते तोच पुढं जाते. सासूनं तिले माही गोष्ट सांगतली असन, तिनं मलेच उभं केलं, "सासूबाईंचे आभार मान, तुझ्यासाठी त्यांनी कापूस विकला."

माहं डोकं फिरलं. माइकवर म्हनलं, "नाई मानत. कापूस विकला अन् माहं तोंड बंद केलं. आभार मांगून भेटत नसतात. नर्सबाईनं मांगितले नाई, तिचे मानतो. दर एकवीस दिवसानं मानतो."

सासू पहिल्याच रांगेत होती. घरी आल्यावर चार दिवस तिनं आपली भाकर आपनच थापली. पाचव्या दिवशी बाभुळगावच्या दवाखान्यात इंजेक्शन होतं. मी चप्पल घालत होती तं तिनं पोरीले माह्या कडेवरून घेतलं. "जाय, बस चुकन."

मी आभार मानले नाई. पन त्या दिवशी पह्यल्यांदा पोरीले घरी ठेवून गेली.